वरची खूण

उडीचा आवाज वर जाताना येत नाही, खाली येताना येतो. हे मला वानखडे मॅडममुळे कळलं. त्या खाली पार्किंगमध्ये उड्या मारत असत आणि मी पहिल्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या डोक्यावर, खिडकीशी प्रुफं तपासत बसलेली असे. सकाळी दूधवाल्याच्या मागोमाग तो आवाज सुरू व्हायचा. धप्प. मग थोडी शांतता. पुन्हा धप्प. टेबलावरच्या कपातल्या चहावर बारीक तरंग उठायचा. आमच्या इमारतीत सकाळचे आवाज पुष्कळ. मिक्सर, लिफ्टचं दार, कंपनीच्या गाड्यांचे हॉर्न. पण या आवाजाला कारण दिसत नव्हतं, म्हणून तोच ऐकू यायचा.

या उन्हाळ्यात अमरावतीहून फोन आला. "मी वानखडे बोलतो. बी विंगचा." मी ओळखलं. मॅडमचे यजमान. ते म्हणाले, "सुनंदा गेली जी." आजार लहानसा होता, लक्षात आला तेव्हा उशीर झाला होता, असं काहीतरी त्यांनी सांगितलं. मी विचारलं ते सगळे प्रश्न लोक विचारतात तेच होते. फोन ठेवल्यावर मी खाली पार्किंगमध्ये गेले. का गेले ते सांगता येणार नाही. भिंतीला टेकून कुणाची तरी नवी दुचाकी उभी होती.

वानखडे मॅडम खराडीतल्याच एका शाळेत भूगोल शिकवायच्या. अंगाने लहानशा, चालण्यात घाई, खांद्यावरची पर्स नेहमी तिरकी अडकवलेली; लग्नाच्या पंगतीतसुद्धा ती उतरवायच्या नाहीत. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे अमरावतीहून इकडे आल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. शाळेत त्या अगदी पुस्तकातलं मराठी बोलत. घराचा उंबरा ओलांडला की वऱ्हाडी सुरू. मी पहिल्यांदा त्यांना आमटी दिली तेव्हा वाटी परत करताना म्हणाल्या, "छान होती ताई. फक्त एक सांगा, आमटीत गूळ घालता की गुळात आमटी घालून राहिले तुम्ही?" दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जवसाची चटणी पाठवली. तेव्हापासून आमचा व्यवहार सुरू झाला. कुठलीही अडचण सांगितली, पाणी गेलं, लिफ्ट बंद पडली, मुलांचे पेपर वाईट गेले, की त्यांचं एकच उत्तर असे, "जाऊ द्या ना बाप्पा." केतकी गेल्यानंतर हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

केतकी त्यांची एकुलती एक मुलगी. अकरावीत होती, व्हॉलीबॉल खेळायची, आईपेक्षा चांगली चार बोटं उंच. तिला सरळ चालता यायचं नाही. वाटेत जे जे डोक्यावर असेल त्याला उडी मारून हात लावायचा, हा तिचा नेम: पार्किंगची तुळई, जिन्यातला दिवा, माझ्या दारावरचं तोरण. तोरणाची दोन पानं तिनं पाडली तेव्हा मी दार उघडलं, तर ती पानं हातात घेऊन उभी. "सॉरी मावशी. पण मागच्या महिन्यात हात लागत नव्हता." या माफीत आनंदच जास्त होता.

तिचे प्रशिक्षक गोरे सर. नारायण पेठेतल्या एका जुन्या मैदानावर ते मुलींना शिकवायचे. त्यांनी सगळ्या मुलींना सांगितलं होतं, घरी एक भिंत धरा. भिंतीला खांदा लावून उभं राहायचं, बोटांना खडू लावायचा, हात वर ताणून एक खूण करायची. मग जागच्या जागी उडी मारून दुसरी. दोन्ही खुणांमधलं अंतर म्हणजे तुमची उडी. केतकीनं पार्किंगमधली भिंत धरली होती, वानखड्यांच्या स्कूटरच्या जागेमागची. खडू अर्थात आईच्या पर्समधला. निळा. मॅडमना वर्गात फळ्यावर नद्या काढायला निळा खडू लागायचा आणि तो कधी सापडायचा नाही.

पावसाळा संपताना केतकीला डेंग्यू झाला. आठवडाभरात ती गेली. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. त्यानंतर वानखडे साहेब स्कूटर फाटकाबाहेर उन्हात लावायला लागले. स्वतःची जागा असताना बाहेर का लावता, असं त्यांना कुणी विचारलं नाही.

हिवाळ्यात तो धप्प आवाज सुरू झाला.

काही दिवस मी वाट पाहिली आणि मग एका सकाळी खाली गेले. मॅडम सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला बांधून, त्या भिंतीशी उभ्या होत्या. पायांत केतकीचे बूट होते. पुढे कापूस भरला असावा, कारण चालताना ते मागे सुटत होते. भिंतीवर, सावलीत, पावसाचा थेंबही पोचणार नाही अशा जागी, दोन निळ्या खुणा होत्या. एक खाली, एक बरीच वर. वरच्या खुणेत मधल्या बोटाचं टोक स्पष्ट दिसत होतं.

मला पाहून त्या दचकल्या नाहीत. "बरं झालं आल्या. उडी मारताना आपलं आपल्याला दिसत नाही जी. मले सांगा, हात किती खाली राहिला."

त्यांनी उडी मारली. मी पाहिलं. कोपरापासून मनगटापर्यंत जेवढा हात, तेवढं अंतर होतं.

"बरंच," मी म्हणाले.

"बरंच म्हणजे किती?"

मी माझा हात आडवा धरून दाखवला. त्यांनी मान डोलावली. बाजारात भाव ऐकून घ्यावा तशी.

"तिथं हात लावायचा आहे मले," त्या म्हणाल्या. "एकदा. मग साहेब म्हणतात तसं अमरावतीला जाऊ."

वानखडे साहेबांनी बदलीचा अर्ज केला होता, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांना इथं राहायचं नव्हतं. मॅडमना जायचं नव्हतं, आणि राहायचंही नव्हतं. त्यांना फक्त ती खूण गाठायची होती. दोघांत एवढाच करार झाला होता.

*

मला प्रुफं द्यायला नारायण पेठेत जावं लागायचं, म्हणून गोरे सरांकडे त्यांच्याबरोबर मीच गेले. सर मैदानाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. सत्तरीच्या पुढचे, पांढरी पँट, गळ्यात शिटी, आवाज कधीही न चढवणारे. मॅडमना त्यांनी ओळखलं आणि उभे राहिले. मॅडमनी काय हवं ते सांगितलं. सर ऐकत होते. मग त्यांनी मॅडमच्या पायांकडे पाहिलं.

"आपलं वय काय?"

मॅडमनी चाळिशीच्या पुढचं काहीतरी सांगितलं.

"गुडघ्यांचंही तेवढंच असणार. कधी खेळला होतात का?"

"शाळेत खो-खो. तालुक्यापर्यंत."

"म्हणजे पळणं माहीत आहे. उडी माहीत नाही." सर पुन्हा बसले. "उभ्याने आपला हात तिथं पोचणार नाही. मी खोटं सांगत नाही. वर्षभर केलंत तरी नाही."

"मग?"

"धावत या. तीन-चार पावलं. वेग पुढे जात असतो, शेवटच्या पावलाला तो वर वळवायचा. पण वळवायला आधी वेग पाहिजे. तेव्हा आता उड्या बंद. आधी पळा."

मॅडम जरा घुटमळल्या. "पण तिनं तर उभ्यानंच मारली होती."

"ती सोळा वर्षांची होती," सर म्हणाले. "आपण नाही. पुढच्या सोमवारी या. आणि बूट मापाचे घ्या. दुसऱ्याच्या बुटात पाय मोडतो."

परतताना बसमध्ये त्या एवढंच म्हणाल्या, "धावत येणं म्हणजे फसवणूक नाही का जी?" बूट त्यांनी मापाचे घेतले. केतकीचे धुऊन, उन्हात वाळवून, कपाटात ठेवून दिले.

मग त्या पळू लागल्या. आमच्या पार्किंगमधून वर रस्त्याकडे जाणारा एक चढ आहे. गाड्या यायच्या आधी त्या तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत जोरात पळून चढायच्या आणि चालत उतरायच्या. पुन्हा वर. सर सांगायचे, दम लागेपर्यंत पळाल तर वेग वाढत नाही, दमच वाढतो. पूर्ण ताजं होऊन पुढचं पळा. मॅडमना हे थांबणं जमायचं नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून खाली उडी टाकून जागीच थिजायचं, खांद्यावर तांदळाची पिशवी घेऊन अर्ध्या बैठका काढायच्या, दोरीवरच्या उड्या, एका पायावर लंगडत पार्किंगची लांबी. असं काय काय त्या करायच्या, आणि पुढे सरांनी परवानगी दिल्यावर धावत येऊन उड्याही. दम लागला की शाळेतलं मराठी गळून पडायचं. "थांबा जी. बोलता येऊन नाही राहिलं मले."

लोक पाहायचे. कंपनीत जाणारी, कानात काहीतरी खुपसलेली तरुण मुलं हसून अंगठा दाखवत निघून जायची. ए विंगचे निवृत्त कुलकर्णी रोज फिरून येताना थबकायचे. पुण्याच्या जुन्या भागातून इकडे आलेले. बोलल्याशिवाय राहणं त्यांना कमीपणाचं वाटे. एकदा म्हणाले, "मॅडम, रोज वर उड्या मारता. वर काही राहिलंय का?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

कुलकर्ण्यांना कुणीतरी नंतर सांगितलं असावं. ते दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या फाटकानं यायला लागले. पुढे केव्हातरी त्यांच्या बायकोनं मॅडमकडे तेलाची एक बाटली पाठवली, पोटऱ्यांना चोळायला. कुणाकडून ते सांगू नको, असं तिनं मोलकरणीला बजावून सांगितलं होतं. मोलकरणीनं ते सगळं सांगितलं.

*

एका सोमवारी सर मैदानावर मुलींची उडी मोजत होते. एक मुलगी भिंतीला लागून उभी राहिली, हात वर केला. सर उठले आणि तिचा खांदा खालून वर ढकलला. तिचं बोट भिंतीवर चांगलं दोन बोटं वर सरकलं.

"हात चोरू नकोस," सर म्हणाले.

मॅडमनी विचारलं, "म्हणजे काय सर?"

"उभ्याचा हात पूर्ण ताणत नाहीत. खांदा दाबून ठेवतात. खालची खूण खाली आली की उडी मोठी दिसते. सगळ्या करतात. चांगल्या मुली जास्त करतात."

त्या संध्याकाळी माझ्या दाराची बेल वाजली. "ताई, खाली या बरं जरा." आवाज वेगळाच होता. मी घाबरून चपला घातल्या. मॅडम मला भिंतीपाशी घेऊन गेल्या, खालच्या खुणेशेजारी खांदा लावून उभ्या राहिल्या आणि हात वर ताणला. त्यांची बोटं केतकीच्या खालच्या खुणेच्या वर गेली. उडी न मारता.

"माझ्यापेक्षा चार बोटं उंच होती ती. दिवाळीचा ड्रेस मीच मापून शिवायला टाकला होता. मग तिचा हात माझ्या हाताखाली कसा?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चोरला पोरीनं. सरांच्या देखत नाही, घरी, एकटीच्या भिंतीवर चोरला. कोणाला दाखवायला?"

आणि त्या हसायला लागल्या. आधी ओठ दाबून, मग भिंतीला टेकून, मग खाली बसून. सकाळी मुलीच्या दप्तरात लपवलेली कैरी सापडावी तशा हसत होत्या. मीही हसले. नवं काहीतरी हाती लागलं होतं. मेलेल्या माणसाबद्दल नवं काही कळणं फार दुर्मीळ असतं. जे आहे तेच उगाळत राहावं लागतं. इथं त्यांना मुलीची एक ताजी लबाडी सापडली होती, आणि तिच्यावर ओरडताही येत होतं.

"बरं झालं," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "तिनं हात चोरला, मी पावलं घेते. फिटंफाट."

धावत येण्याबद्दलची त्यांची अढी त्या दिवशी गेली.

*

सरांचा सगळ्यात कडक नियम विश्रांतीचा होता. एक दिवस जोराचा सराव, मग दुसरा दिवस काही नाही. "उडी मैदानावर वाढत नाही, झोपेत वाढते," असं ते म्हणायचे. मॅडमना पळणं सोसत होतं. रिकामा दिवस सोसत नव्हता. शाळा सुटून घरी आलं की साहेब झोपलेले, नाहीतर पाळीला गेलेले, आणि केतकीच्या खोलीचं दार. अशा दिवशी त्या माझ्याकडे यायच्या. मी त्यांना काम दिलं. प्रुफं तपासताना एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं छापलेल्यावर नजर ठेवायची, अशी आमची जुनी रीत आहे, विरामचिन्हांसकट वाचायचं. त्या शिक्षिकेच्या आवाजात वाचायच्या. "पृथ्वी स्वतःभोवती फिरते स्वल्पविराम त्यामुळे दिवस आणि रात्र होतात पूर्णविराम." कितीतरी शालेय पुस्तकं आम्ही अशी संपवली.

एके दिवशी एका वाक्याच्या मध्यावर आवाज थांबला. मला वाटलं अक्षर लागत नसेल. वर पाहिलं तर त्या झोपल्या होत्या, कागद मांडीवर, तोंड जरा उघडं. वानखडे साहेबांनी मला जिन्यात एकदा सांगितलं होतं की सुनंदा रात्रीची झोपत नाही, नुसती पडून असते. मी पंखा कमी केला. दिवेलागणीपर्यंत हललेसुद्धा नाही. जाग आल्यावर त्यांनी कागद उचलला, वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुढे वाचलं आणि "पूर्णविराम" म्हणाल्या.

उन्हाळा सरता सरता अंतर वितीवर आलं. पाऊस सुरू झाला आणि संपला, तेव्हा चार बोटांवर. याच काळात आणखी एक झालं. सर म्हणत, उतरताना आवाज आला तर उडी वाईट. मांजरासारखं उतरा, गुडघ्यांनी झेला. मॅडम ते शिकत गेल्या आणि खालचा आवाज कमी कमी होत गेला. धप्पचा ठप्प झाला, मग नुसतं बुटाचं घासणं, मग काहीच नाही. माझ्या कपातला चहा स्थिर झाला. सकाळी मला कळेनासं झालं की त्या खाली आहेत की नाहीत. कामात लक्ष लागेना. मी उठून खिडकीतून वाकून पाहायची, आणि चढावर त्यांची सावली दिसली की परत येऊन बसायची. इतकं चांगलं उतरायला शिकलेल्या माणसाची काळजी वाटावी, हे मी कुणाला सांगितलं नाही.

*

सोसायटीनं दिवाळीच्या आधी रंगकाम काढलं. आमचे अध्यक्ष आप्पा. आमची इमारत उभी आहे ते वावर त्यांच्याच घरचं होतं. आता चार मजल्यांवर त्यांचे फ्लॅट आहेत आणि खुर्ची टाकून ते फाटकाशी बसतात, जसे पूर्वी बांधावर बसत असतील. रंग पार्किंगलाही लागणार होता. मॅडम त्यांच्याकडे गेल्या, मी सोबत होते.

"आप्पा, ती स्कूटरमागची भिंत सोडता येईल का?"

"एक भित सोडली तर बाकीचे म्हणत्याल आमचीबी सोडा." आप्पांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला त्या खुणेपरेंत हात न्यायचाय, व्हय ना? वॉचमन बोलला. शिडी हाय ना वर टाकीपाशी. आत्ता आणून देतो, लावा हात."

"शिडीवरून नको."

"स्टूल?"

"स्टूल माझ्याही घरी आहे, आप्पा."

आप्पांचा मुलगा तरुणपणीच अपघातात गेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं; ते त्याबद्दल बोलत नसत. "पेंटरला सांगतो, ती भित शेवटाला घे म्हनून," ते म्हणाले. "पर शेवट यायचाच मॅडम. त्याला माझा इलाज नाय."

या मुदतीनं घात केला. मॅडम रिकाम्या दिवशीही पळायला लागल्या. सरांना सांगितलं नाही. वरच्या मजल्यांना नवा रंग चढत खाली येत होता आणि त्या सकाळ-संध्याकाळ भिंतीशी. उलट अंतर वाढलं. चार बोटांचं पुन्हा वीत झालं. "काहून खाली येऊन राहिला हात?" त्या मला विचारायच्या, जणू मीच तो खाली ओढत होते. एका सकाळी चढावर त्यांची पोटरी धरली. त्या भिंत धरत धरत जिन्यापर्यंत आल्या.

सरांनी पाय दाबून पाहिला. "तुटलं नाहीये. बरीच कृपा आहे. आता चालायचंसुद्धा बेतानं. मी सांगेपर्यंत उडी नाही."

"पण रंग, सर."

"रंग त्याच्या वेळेनं येईल. आपण झोपा."

त्या झोपल्या. नाइलाजानं, पण झोपल्या. माझ्या खुर्चीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये, बसमध्ये. प्रुफं वाचताना तर पानागणिक. खाली रंगाऱ्यांच्या बांबूच्या परांच्या पार्किंगच्या छतापर्यंत उतरल्या होत्या. एका संध्याकाळी आप्पांचा निरोप आला: उद्या ती भिंत.

सकाळी, रंगारी यायच्या आधी, मॅडमनी माझी बेल वाजवली. सरांना विचारलं होतं, ते म्हणाले होते, "पाय दुखत नसेल तर थोड्या उड्या. दुखला तर घरी." आम्ही खाली गेलो. त्यांनी चढावर हलकं पळून अंग तापवलं. मग बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या. मी नेहमीच्या जागी, भिंतीच्या बाजूला, उभी राहिले.

पहिल्या उडीला दोन बोटं राहिली. मी तसं सांगितलं. त्यांना नवल वाटलं, मलाही. इतक्या दिवसांच्या विश्रांतीनंतर हात खाली गेला असेल, अशी आमची दोघींची समजूत होती. दुसऱ्या उडीला बोटाचं अंतर. त्या लांब जाऊन उभ्या राहिल्या, ओढणीनं तळहात पुसले. मी विचारलं, "खडू लावता का बोटांना? म्हणजे कळेल."

"नको जी. तिच्या खुणेवर माझी खूण कशाला?"

मग त्या आल्या. चार पावलं. शेवटचं पाऊल लांब पडलं, दुसरं पटकन जवळ आलं, आणि त्या वर गेल्या. मी पुष्कळ उड्या पाहिल्या होत्या त्यांच्या. या उडीत घाई नव्हती. हात वर जाऊन भिंतीवर टेकला आणि क्षणभर तिथंच राहिला असं वाटलं. त्या उतरल्या तेव्हा काहीही ऐकू आलं नाही.

"लागला," मी म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. जिथं निळी खूण होती तिथं घामाचा एक ओलसर डाग होता. बोटाचं टोक नव्हतं. थोडीशी निळसर छटा खाली ओघळल्यासारखी, आणि ती आमच्या डोळ्यांदेखत वाळत चालली होती.

मॅडमनी स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला. मधल्या बोटाच्या टोकाला निळं लागलं होतं.

वर्षभर आम्ही तिघं त्या एका खुणेबद्दल बोलत होतो. मी, त्या आणि सर. अंतर, वेग, विश्रांती, सगळ्याचा विचार केला होता. हात लागल्यावर काय होईल याचा कुणीच केला नव्हता.

"खडू पुसला जातो, हे मले माहीत नव्हतं का?" त्या हळू म्हणाल्या. "इतकी वर्षं फळाच तर पुसून राहिली मी."

मी त्यांच्या दंडाला धरायला गेले. त्यांनी तो हात अंगापासून लांब, वर धरला होता; भाजलेला हात धरतात तसा. जिना चढताना त्यांनी कठड्याला स्पर्श केला नाही. त्यांच्या दारापाशी आल्यावर पर्समधून किल्ली काढायची होती. डाव्या हातानं ती निघेना. "तुम्ही काढा ताई," म्हणाल्या, आणि मी काढेपर्यंत वरच्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. किल्ली सापडली, दार उघडलं, पण त्या उठल्या नाहीत. पाणी आणू का, विचारलं. नको म्हणाल्या. आत गेलं की नळ असतो, भांडी असतात, पदर असतो. हे त्यांनी म्हटलं नाही. मला त्यांच्या हाताकडे पाहून समजलं.

थोड्या वेळानं रात्रपाळी संपवून वानखडे साहेब जिना चढून आले. हातात डबा, डोळे तांबारलेले. उघडं दार, पायरीवर बसलेली बायको आणि बाजूला उभी मी, असं पाहून ते तीन पायऱ्या खालीच थांबले. केतकीच्या आजारात असंच काहीतरी ते पाहत आले असतील.

"काय झालं?"

मॅडमनी हात पुढे केला. "हात लागला," त्या म्हणाल्या. "सगळं माझ्या बोटाला आलं."

त्यांना समजायला वेळ लागला. त्या भिंतीकडे त्यांनी वर्षभर पाहिलं नव्हतं. मग त्यांनी डबा पायरीवर ठेवला, खिशातून चष्मा काढून लावला आणि तिचा हात जिन्यातल्या खिडकीच्या उजेडाकडे वळवला.

"कुठलं बोट?"

"हे. मधलं."

पायात रुतलेला काटा शोधावा तसं, अगदी जवळ जाऊन, ते त्या बोटाकडे पाहत राहिले. खाली रंगाऱ्यांनी शिडी टेकवल्याचा आवाज आला. दोघांपैकी कुणी मान वळवली नाही. साहेब तसेच, तिचा हात दोन्ही हातांत धरून, खालच्या पायरीवर बसले.